डोंगर, सूर्य, झोपडीच्या पलीकडे : लहान मुलांसोबत अमूर्त चित्र

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात कागद द्या आणि म्हणा, "काढ बघू चित्र." बहुतेक वेळा दोन त्रिकोणी डोंगर येतात, मधे अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात मिशांसारखे चार पक्षी. ज्यानं कोकण पाहिलेलं नाही तोही नारळच काढतो. हे चित्र त्याला दादानं नाहीतर शेजारच्या ताईनं शिकवलेलं असतं. मीही लहानपणी हेच काढायचे, त्यामुळे त्याला नावं ठेवत नाही. पण ते काढताना मूल कागदाकडे बघत नाही. पाढा म्हणावा तसं ते चित्र म्हणून टाकतं.

आमच्या सांगलीतल्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये मी रविवारी सकाळी चार ते आठ वयाच्या मुलांचा चित्रांचा वर्ग घेते. आठ-दहा मुलं, पाऊण तास. पाढा विसरायला लावायचा तर काय करावं, हे शोधताना मी तीन रंग आणि तीन आकारांवर येऊन थांबले. लाल, पिवळा, निळा. गोल, चौकोन, त्रिकोण. शिवाय एक अट: चित्र कशाचंही काढायचं नाही, म्हणजे झाड, घर असं ओळखू येणारं काही नाही. यालाच अमूर्त चित्र म्हणतात. पहिल्यांदा हे ऐकून मुलं गोंधळतात, मोठी माणसं तर जास्तच. पुढे लिहिलंय ते चार रविवारांचं नियोजन आहे. घरी एकट्या मुलाबरोबरही जमतं आणि बालवाडीच्या वर्गातही. चित्रकला येत नसली तर उत्तम, मधे मधे करायचा मोह कमी होईल.

आधी थोडं तुमच्यासाठी

"अमूर्त चित्र म्हणजे वाट्टेल ते फासायचं ना?" हा प्रश्न मला पालक हसत हसत विचारतात. त्यांना मी पीट मोंद्रियानच्या झाडांची गोष्ट सांगते. हा डच चित्रकार 1908 च्या पुढची काही वर्षं झाडं काढत होता. आधीचं झाड लालभडक, मागे निळं आकाश, पण झाड म्हणून लगेच ओळखू येतं. मग फांद्यांच्या नुसत्या कमानी उरल्या, मग कमानींची जाळी झाली. पुढे तर जाळीतल्या उभ्या-आडव्या काळ्या रेघा आणि मधल्या चौकोनांत लाल, पिवळा, निळा, पांढरा एवढंच राहिलं. एकेक गोष्ट काढून टाकत तो तिथवर पोचला, आणि त्याला दहा-बारा वर्षं लागली.

आपल्याकडचं नाव हवं असेल तर सय्यद हैदर रझा. 1922 चा जन्म, मध्य प्रदेशातल्या जंगलाशेजारच्या खेड्यात. शिक्षण आधी नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये. 1950 मध्ये ते फ्रान्सला गेले, आणि अनेक वर्षं निसर्गचित्रं रंगवल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर काळा बिंदू आला तो कायमचा. त्या बिंदूचं मूळ ते प्राथमिक शाळेत सांगत. वर्गात लक्ष लागत नाही म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि या मुलाला त्याच्याकडे बघत बसायला लावलं. शिक्षा म्हणा की धडा म्हणा. मला ही गोष्ट आवडते, कारण आपला पहिला रविवार तिथूनच सुरू होतो.

एक सूचना मात्र पाळा. ही चित्रं मुलांना आधी दाखवू नका. मोंद्रियान आधी दाखवला की दहाही मुलं मोंद्रियान काढतात. म्हणजे डोंगर-झोपडी गेली आणि तिच्या जागी काळ्या रेघांची झोपडी आली. आधी करू द्या, मग दाखवा. "अगं, या काकांनी पण माझ्यासारखंच केलंय!" हे वाक्य ऐकायचं असेल तर क्रम हाच.

सामान

रंग पोस्टर कलर घ्या. खडू आणि स्केचपेन या कामाला चालत नाहीत. खडू नीट मिसळत नाही आणि स्केचपेनात भरलेल्याच छटा मिळतात. बारा रंगांची पेटी नको. पहिल्या वर्षी मी तीच दिली होती, दहा मिनिटांत सगळ्यांच्या ताटल्यांत शेणकाला. सुट्या बाटल्या मागा.

बाटल्या मागताना नुसतं "लाल द्या, निळा द्या" म्हणू नका, इथे सगळे फसतात. शाळेत आपण घोकलंय, लाल आणि निळा मिळून जांभळा. बाटलीतला व्हर्मिलियन हा लाल जरा नारिंगीकडे झुकलेला असतो. त्यात निळा घातला की जांभळा न होता वांग्याच्या भाजीच्या रश्शासारखं काहीतरी तपकिरी होतं. मूल हिरमुसतं, त्याला वाटतं आपलंच चुकलं. जांभळ्यासाठी क्रिमसन लागतो, आणि सोबत अल्ट्रामरीन ब्लू. हिरव्यासाठी लेमन यलो घ्या, क्रोम यलो नको, क्रोमचा हिरवा मळकट येतो. पोपटी हवा असेल तर लेमन यलोमध्ये प्रशियन ब्लू, पण तो फार जहाल असतो. चमचाभर पिवळ्याला काडीच्या टोकावर येईल एवढाच पुरतो. तर यादी अशी: लेमन यलो, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, हवा असेल तर प्रशियन, शिवाय काळा आणि पांढरा. व्हर्मिलियन नुसता लाल म्हणून वापरायचा, मिसळायला क्रिमसन. बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं बघून घ्या, चार वर्षांची मुलं बोटं चाटतातच.

कागद जाड हवा. ड्रॉइंग पेपरची फुल शीट घेऊन दुकानदाराकडूनच चार तुकडे करून घेतले की 11 × 15 इंचांचे चार कागद होतात. लहान मुलाला वहीचं पान पुरत नाही, त्याचा हात खांद्यातून हलतो, मनगटातून नाही. वहीच्या पातळ कागदाला पाणी लागलं की पापडासारखा वाकतो, तो वेगळाच ताप.

ब्रश चपटे, आठ-दहा नंबरचे, प्रत्येक मुलाला तीन. लालाचा लाल, पिवळ्याचा पिवळा, निळ्याचा निळा. खर्चिक वाटतं, पण एकाच ब्रशनं तिन्ही रंग करायचे तर दर वेळी धुवायला लागतो आणि या वयाचं मूल ब्रश धूत नाही, नुसता बुचकळतं. रंग ठेवायला बाटल्यांची झाकणं किंवा पणत्या. बाबांचा जुना शर्ट उलटा, म्हणजे बटणं पाठीवर येतील असा घातला की ॲप्रन झाला. जुनी वर्तमानपत्रं, चिंधी, मास्किंग टेप. आणि आकार कापायला घोटीव कागद किंवा घरात साठलेल्या लग्नपत्रिका. पत्रिका लाल नाहीतर पिवळ्याच असतात, जाड असतात आणि कोऱ्या बाजूवर गणपतीही नसतो.

पहिला रविवार : रंग नाही, गोंद नाही

पहिल्या दिवशी रंगाला हात लावायचा नाही. कागदाचे आकार आधीच कापून ठेवा: लहान-मोठे गोल, चौकोन, त्रिकोण, मुलामागे आठ-दहा. मुलांकडून काढून घेत बसू नका. गोल तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतो, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण त्याच्याही पुढे, कारण तिरकी रेघ हाताला अवघड जाते. पतंगासारखा चौकोन तर सहा-सातशिवाय येत नाही. चार वर्षांच्या मुलाला त्रिकोण काढायला लावला तर तो निम्मा वेळ त्रिकोणाशी भांडतो आणि चित्र राहूनच जातं. सहाच्या पुढची मुलं गोल टोकाच्या कात्रीनं स्वतः कापू देत, वेडेवाकडे झाले तरी चालतील.

आता पांढऱ्या कागदावर एकच छोटा गोल ठेवायला सांगा आणि प्रश्न विचारा. हा गोल एकटा आहे, कुठे ठेवशील? त्याला झोप आलीये, आता कुठे? कुणीतरी त्याच्या मागे लागलंय? चिकटवायचं नाही, नुसतं सरकवायचं. डिंक बाजूला ठेवण्याचं कारण एवढंच की चिकटवलं की विचार थांबतो.

झोपलेला गोल बहुतेक मुलं कागदाच्या तळाशी नेतात, कुणी न शिकवता. एकटा गोल कोपऱ्यात जातो. गेल्या पावसाळ्यात एका पाच वर्षांच्या मुलीनं गोल कागदाच्या कडेवर अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवला. मी म्हटलं, "पडला की गं."
"पडला नाही ताई, चाललाय."
शेजारच्या मुलानं लगेच आपला गोल उचलून तिच्या कागदाच्या दुसऱ्या कडेला लावला, "हा बघ, इकडून आला." जागा बदलली की अर्थ बदलतो, हे सांगायला मी मनात तयार केलेलं भाषण मग तसंच राहिलं.

यानंतर दोन आकार द्या, मग पाच. शब्द द्या: गर्दी, रांग, भांडण, आईच्या कुशीत. त्रिकोणाचं टोक गोलाच्या दिशेनं केलं की भांडण होतं, पाठ केली की अबोला. मुलं हसतात, आकार फिरवत राहतात. शेवटच्या दहा मिनिटांत एक मांडणी आवडली म्हणतील ती गव्हाच्या पिठाच्या खळीनं चिकटवा. फेव्हिकॉलही चालेल, पण खळ सावकाश वाळते, शेवटच्या क्षणी आकार सरकवता येतो. मुलं तो सरकवतातच.

दुसरा रविवार : एकेक रंग

सगळ्यांना फक्त पिवळा द्या. पाच मिनिटं पिवळाच. कुरकुर होईल, होऊ द्या. कुणी जाड लावेल, कुणी पाणी घालून पातळ करेल, आणि थोड्या वेळात लक्षात येईल की एका पिवळ्यात चार पिवळे आहेत.

मग निळ्याचा एक थेंब. नियम असा की फिक्या रंगात गडद घालायचा, गडदात फिका नाही. निळ्यात पिवळा ओतत गेलात तर अर्धी बाटली संपते आणि रंग निळाच राहतो. पिवळ्यात काडीनं निळा सोडला की ताटलीत हिरवं उमलतं. ते उमलताना मुलांचे चेहरे बघा, मोबाइल काढू नका. इथे घाई अजिबात नको. हिरवा "झाला" म्हणून पुढे न जाता आणखी एक काडी, आणखी एक, असं करत प्रत्येक वेळी कागदावर एक ठिपका ठेवायला सांगा. पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत आठ-दहा ठिपक्यांची रांग होते. त्या रांगेला मुलं नावं देतात: कैरी, मिरची, कडीपत्ता, डबक्यातलं पाणी. असंच पिवळ्यात क्रिमसन घालून नारिंगीचं, क्रिमसनमध्ये अल्ट्रामरीन घालून जांभळ्याचं.

तिन्ही रंग एकत्र केले की चॉकलेटी होतो, हे कुणीतरी शोधून काढतंच आणि मग सगळ्यांना तेच करायचं असतं. थांबवू नका. त्यासाठी एक वेगळी ताटली ठेवा, "चिखलाची ताटली" म्हणून. चिखल तिथे, बाकीचे रंग शाबूत.

याच दिवशी मी एक जुना खेळ खेळते. जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेत रशियन चित्रकार वासिली कांदिन्स्की 1922 पासून शिकवायचा. तिथे त्यानं एक प्रश्नपत्रिका वाटली होती: गोल, चौकोन, त्रिकोण यांना लाल, पिवळा, निळा यांपैकी कुठला रंग शोभतो? त्याचं स्वतःचं मत पक्कं होतं, त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, गोल निळा. आमच्या हॉलमधली मुलं ते मत बिलकूल मानत नाहीत. गोल लालच, कारण कुंकू. गोल पिवळाच, कारण चपातीचा गोळा. एकानं त्रिकोण निळा केला आणि कारण विचारल्यावर म्हणाला, "मला निळाच मिळाला." बरोबर उत्तर नाही हे आधी सांगू नका. वाद होऊ द्या, चार वर्षांच्या मुलानं रंगाबद्दल वाद घालणं यातच अर्धं काम झालं.

तिसरा रविवार : गोलात गोल

कागद तीनदा दुमडून उघडला की आठ घरं होतात. प्रत्येक घरात एक ठिपका, त्याभोवती गोल, त्याभोवती आणखी एक, घर भरेपर्यंत. दर गोलाला वेगळा रंग. जगभरच्या शाळांत हा पाठ चालतो आणि त्याचं मूळ कांदिन्स्कीच्या 1913 च्या एका छोट्या कागदात आहे. खरं तर ते त्याचं तयार चित्रही नव्हतं. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी कसा दिसतो हे बघण्यासाठी त्यानं केलेला सराव होता तो. म्हणूनच मुलांना द्यायला चांगला.

ठिपक्यापासून सुरुवात करून बाहेर जा. बाहेरून आत आलं की मधे जागा उरत नाही आणि मूल चिडतं. ओल्या गोलाला लागून दुसरा ओला गोल केला तर रंग एकमेकांत घुसतात. म्हणून आठही घरांतले ठिपके आधी करायचे, मग आठही घरांतला पहिला गोल. शेवटच्या घरापाशी पोचेपर्यंत पहिलं घर वाळलेलं असतं. दोन गोलांमधे केसाएवढा पांढरा कागद राहिला तर तोही छान दिसतो, पुसून भरायला लावू नका.

झाल्यावर बघायची गोष्ट एकच. पिवळ्याच्या मधला लाल आणि निळ्याच्या मधला लाल दोन्ही शोधायला सांगा. एकाच बाटलीतला लाल, पण निळ्यातला जास्त पेटलेला दिसतो, पिवळ्यातला जरा गडद. मुलं खोटं मानतात. मग मी जुन्या पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून ती दोन लालांवर ठेवते, आजूबाजूचं झाकलं जातं आणि दोन्ही लाल सारखे होतात. पुठ्ठा काढला की पुन्हा वेगळे. हा प्रयोग मी दर वर्षी करते आणि दर वर्षी स्वतःच परत एकदा बघते.

वर्ग सुटायच्या वेळी एका मुलाला न्यायला त्याची आजी आली होती. खुर्चीवर टेकून तिनं वाळत घातलेले कागद बघितले. मला वाटलं आता "हे काय ओ?" येणार. ती म्हणाली, "वाकळ शिवताना आम्ही असंच करायचो. काळं ठिगळ असलं की शेजारी उजळ लावायचं, नाहीतर ते नुसतं भोक दिसतंय." मग तिनं मला सांगितलं की जुन्या लुगड्याचा लाल तुकडा त्या कधी मधोमध घेत नसत, थोडा बाजूलाच घ्यायच्या, "मधी घेतला की डोळा तिथंच बसतो." रंगसंगतीवरची मी वाचलेली पानं एका वाक्यात बसली. पुढच्या रविवारी मी तिला वाकळ घेऊन यायला सांगितलं, आणि मोंद्रियानच्या आधी मुलांनी ती पाहिली. तुमच्या घरात गोधडी असेल तर कपाटातून काढा. दारातली ठिपक्यांची रांगोळीही चालेल, वारली चित्रातले त्रिकोण आणि गोलही. फक्त वारलीत त्या आकारांची माणसं झालेली असतात, त्यामुळे ते पाचव्या-सहाव्या रविवारी आणलेलं बरं, नाहीतर मुलं परत माणसांकडे वळतात.

चौथा रविवार : टेप

मुलांचा सगळ्यात लाडका दिवस, आणि तुमचा सगळ्यात कटकटीचा. मास्किंग टेपचे लांब-आखूड तुकडे तोडून टेबलाच्या कडेला लावून ठेवा. प्रत्येक तुकडा आधी आपल्या कपड्यावर एकदा चिकटवून काढायचा, त्यानं त्याचा चिकटपणा कमी होतो आणि नंतर कागदाची सालं निघत नाहीत. मुलांनी पाच-सहा तुकडे कागदावर आडवे-उभे लावायचे. तिरके लावले तरी लावू द्या. मोंद्रियानला तिरपी रेघ अजिबात चालत नसे, आपल्याला चालते.

टेप नखानं दाबून बसवा, नाहीतर रंग खालून शिरतो. मग मधली घरं रंगवायची, पण सगळी नाहीत. हा या दिवसाचा एकमेव नियम: निम्मी घरं तरी पांढरी राहिली पाहिजेत. मूल रिकामी जागा बघून अस्वस्थ होतं, त्याला ते काम अपुरं वाटतं. शाळेतही "पूर्ण रंगव" असंच ऐकलेलं असतं. पांढरा हाही एक रंगच आहे असं सांगितलं की काही मुलं खरोखर ब्रश हवेत फिरवून "पांढरा लावला" म्हणतात.

रंग हाताला लागेनासा झाला की टेप सावकाश, मागे दुमडत ओढायची. झटका द्यायचा नाही. खालून पांढरी रेघ निघते. कुणाला त्यात काळा भरावासा वाटला तर भरू दे. आता मोंद्रियान दाखवायची वेळ. त्याच्या न्यूयॉर्कमधल्या शेवटच्या वर्षांतलं 'ब्रॉडवे बुगी-वुगी' दाखवा, 1942-43 चं. त्यात काळ्या रेघा नाहीतच, रेघांच्या जागी पिवळ्या पट्ट्या आणि त्यांच्यात लाल, निळे, राखाडी तुकडे. मुलं त्यात वरून दिसणारे रस्ते आणि गाड्या शोधतात. शोधू देत. "कशाचंही नाही" हा नियम काढणाऱ्यासाठी होता, बघणाऱ्यासाठी नाही.

बोलायचं काय

सगळ्यात अवघड भाग हा. "हे काय काढलंयस?" हा प्रश्न आपल्या तोंडातून आपोआप निघतो, आणि तो निघाला की चार रविवार वाया. मूल तुमच्याकडे बघतं, तुम्हाला काहीतरी उत्तर हवंय हे ओळखतं आणि म्हणतं, "घर." पुढच्या कागदावर मग घरच येतं. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला. "इथे तीन निळे जवळजवळ आलेत." "हा लाल सगळ्यांपासून लांब ठेवलास." "सुरुवात कुठून केलीस?" शेवटच्या प्रश्नाला फार सुंदर उत्तरं येतात, कारण मुलाला आपण काय केलं ते नीट आठवत असतं आणि ते कुणी विचारलेलं नसतं.

"वा, किती छान!" हेही मोजून वापरा. एकदा मी एका मुलीच्या पिवळ्याचं भरभरून कौतुक केलं. पुढचे तीन रविवार वर्गात पिवळ्याशिवाय काही दिसेना, बाटली मात्र दोनदा आणावी लागली.

मुलाच्या कागदावर आपला ब्रश लावायचा नाही. गोल वाकडा झाला असेल, रंग बाहेर गेला असेल, तरी नाही. दाखवायचंच असेल तर स्वतःचा वेगळा कागद घ्या. एकदा एका वडिलांनी मुलाचा गोल वाटी ठेवून "नीट" करून दिला. त्या मुलानं उरलेला अर्धा तास ब्रश धरला नाही, वडिलांकडे कागद सरकवून म्हणाला, "तुम्हीच काढा." पट्टी, वाटी, कंपॉस यांना पुढे आयुष्य पडलंय. एलिमेंटरी परीक्षेच्या संकल्पचित्राला आणि भूमितीला ते सगळं लागणारच आहे.

थांबायचं कधी

लहान मूल चांगल्या झालेल्या चित्रावरही रंग लावत राहतं आणि बघता बघता सगळं तपकिरी होतं. मोठ्यांचा जीव तुटतो. कागद हिसकावून घेऊ नका. मी शेजारी कोरा कागद ठेवते, बस. ज्याचं मन भरलं असेल तो आपसूक तिकडे वळतो. ज्याला चिखलच करायचाय त्याला करू देते, कारण त्याला त्या वेळी चित्र नको असतं, रंग हवा असतो.

तपकिरी झालेला कागदही टाकू नका. पुठ्ठ्याचे 'ल' आकाराचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवले की लहान-मोठी होणारी खिडकी तयार होते. ती कागदावर फिरवायला सांगा. कुठल्या तरी कोपऱ्यात पिवळा आणि निळा अजून जिवंत असतो. खिडकी तिथे थांबली की तेवढा तुकडा कापून पांढऱ्या कागदावर चिकटवायचा. कुठे थांबायचं ते मुलानंच ठरवायचं.

वर कुठे, खाली कुठे

वाळल्यावर कागद चारही बाजूंनी फिरवून बघा. कांदिन्स्कीनं एका संध्याकाळी आपल्या स्टुडिओत एक अप्रतिम चित्र पाहिलं आणि ते कशाचं आहे हे त्याला कळेना. जवळ जाऊन बघतो तर आपलंच चित्र, आडवं टेकवून ठेवलेलं. मोंद्रियानचं रंगीत चिकटपट्ट्यांचं 1941 मधलं 'न्यूयॉर्क सिटी 1' तर संग्रहालयांमध्ये पंचाहत्तरहून जास्त वर्षं बहुधा उलटंच टांगलं गेलंय, हे 2022 मध्ये जर्मनीतल्या संग्रहालयानं जाहीर केलं. ते आता सरळ करायचं नाही असंही ठरलं, कारण सुटत चाललेल्या पट्ट्या तो धक्का सोसणार नाहीत. ही गोष्ट सांगितली की मुलं लोळण घेत हसतात आणि आपापले कागद फिरवायला लागतात.

फिरवून झालं की कागदाच्या मागे पेन्सिलनं मुलाचं नाव, तारीख आणि वरची बाजू दाखवणारा एक बाण. बाण मुलानंच काढायचा. मग त्या बाजूला पंचनं दोन भोकं पाडून सुतळी ओवायची. मागच्या वर्षी साडेचार वर्षांच्या एकानं चारही बाजूंना बाण काढले. मी विचारलं, "टांगायचं कुठून मग?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं चारही बाजूंना भोकं पाडून दिली. आईला म्हटलं, सुतळी लांब ठेवा.